नियमपत्रक, सुधारित

ऑगस्ट संपत आला. वॉसॉच्या आमच्या शाळेत
फरशीला नवं मेण लावलंय, वर्गभर त्याचाच वास,
आणि सव्विसाव्या वर्षी मी पुन्हा तेच पत्रक उघडून बसलेय:
वाद्यवृंदातल्या विद्यार्थ्यांकडून अपेक्षा.

घंटेआधी पाच मिनिटं खुर्चीत.
घंटेला पोचला तो उशिरा पोचला.
(हे लिहिलं तेव्हा मला मूल नव्हतं,
जानेवारीत गाडीची बॅटरी मरते हेही ठाऊक नव्हतं.
ठेवते. पण मागे 'सहसा' जोडते.)

नखं कापलेली. च्युइंगम कचऱ्यात, खुर्चीखाली नाही;
खुर्चीखाली कोण काय चिकटवतं ते मला कळतं,
सगळ्यात जास्त व्हायोलावाले.
राळ आपापली आणा. गजाच्या केसांना बोट लावू नका.
पेन्सिल. पेन नव्हे, पेन्सिल.
मी आज 'हळू' म्हणेन
आणि गुरुवारी, 'इतकं हळू कोणी सांगितलं?'
खोडता यायला हवं, तुम्हाला आणि मला.

रोज तीस मिनिटं सराव, वहीत नोंद, खाली पालकांची सही.
सह्या मी ओळखते.
टू गेरच्या वहीत आईची सही त्याच्याच अक्षरात,
शेपटी तेवढी लांब ओढलेली.
आई चीजच्या कारखान्यात रात्रपाळीला, दिवसा झोपलेली,
आणि डबल बास घरी नेणार कसा? ते धूड बसमध्ये मावत नाही.
तो शाळेतच थांबायचा,
सफाईवाला ऑर्विल दिवे मालवेपर्यंत.
वहीत लिहायचा तीस.
व्हायची नव्वद.

कार्यक्रमाचा पोशाख: काळा, घोट्यापर्यंत. मोजे काळे.
पुढे होतं, 'पॉलिश केलेले काळे बूट'.
डिसेंबरात तो बापाचे रबरी बूट घालून आला,
गुडघ्याखालपर्यंत, धुऊन लख्ख,
तरी निवळीचा आंबूस वास आत मुरलेलाच.
पुढच्या रांगेतल्या सॉल्वेगनं नाक मुरडलं,
माझ्याकडे पाहिलं, आणि सरळ केलं.
'पॉलिश केलेले' खोडते.

आता अवघड कलम.
ज्याला वाजवायचं नसतं त्यानं काय करावं?
त्या संथ भागात बासला चौऱ्याऐंशी आवर्तनं काहीच नाही.
पत्रक म्हणतं: विरामात मोजा. हलू नका.
तो पेरांवर मोजायचा, अंगठा एकेका पेरावर टेकवत,
आणि बरोब्बर समेवर यायचा.
बाकीचे तिघं
त्याच्या खांद्याकडे बघून यायचे.

मार्चमध्ये ते सगळे फ्रेस्नोला गेले, मामाकडे,
एका शनिवारी. शाळेला सोमवारी कळलं.
त्याचे कागद मी आज उघडले.
पेन्सिल. नियमाप्रमाणे.
दर दहा आवर्तनांवर बारीक आकडा,
आणि एकसष्टावर:
दाराकडे बघू नको.

कार्यक्रमात मी लोकांना पाठमोरी असते.
सव्वीस वर्षं ते दार माझ्या पाठीमागे आहे.

याचं कलम कसं करतात?
लिहिलं, 'कोणी आलं नाही तरी वाजवा.' खोडलं.
लिहिलं, 'कोणीतरी यावं.'
ते मुलांच्या पत्रकात बसेना,
पालकांच्या पानावर सरकवलं, तिथे आगाऊ दिसलं.
तेही खोडलं.

छपाईयंत्र गरम होतंय. तोवर व्हायोला काढला.
'ए'ची तार उन्हाळ्यात उतरलेली, खुंटी पिळत वर आणू लागले,
अजून सुरात आलीही नव्हती, तोच
सामानखोलीतून, बंद दाराआडून,
खाली, फार खाली, कुणी हुंकार दिला.
मी गज उचलला.
तो अजून चालूच.

एकशे बारा प्रती हव्या होत्या.
एकशे तेरा टाकल्या.